मॅरेथॉन : दिवाळीनंतर उरलेल्या दहा आठवड्यांचा हिशेब

मुंबई मॅरेथॉन दरवर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेची नावनोंदणी पावसाळ्यातच, ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. म्हणजे नाव नोंदवणाऱ्यापाशी कागदावर पाच महिने असतात. प्रत्यक्षात तसे घडत नाही. पाऊस ओसरला की गणेशोत्सव येतो, मग नवरात्र, मग दिवाळी. आणि 'दिवाळी झाली की सुरू करू' हे वाक्य महाराष्ट्रातील घराघरांत जितक्या कामांबद्दल उच्चारले जाते, त्यांत आता धावण्याचीही भर पडली आहे.

या वाक्याची किंमत पंचांगावरून मोजता येते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि मॅरेथॉन २१ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे मधे नेमके ७० दिवस होते. त्याच्या पुढच्या वर्षी १ नोव्हेंबर ते १९ जानेवारी असे ७९ दिवस मिळाले. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरातच आल्याने १८ जानेवारी २०२६ च्या शर्यतीसाठी पावणेतेरा आठवडे हाती आले. दिवाळी लवकर आली तर तेरा, उशिरा आली तर दहा, असा हा मामला आहे. कार्यालयातील सहकाऱ्याच्या आग्रहाखातर किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी निधी उभारण्याच्या उत्साहात ऐन नोव्हेंबरात निर्णय घेणाऱ्यांचाही यांत समावेश करावा लागेल.

दहा आठवड्यांत ४२.१९५ किलोमीटर धावण्याची तयारी होऊ शकते काय, हा म्हणूनच केवळ हौशी प्रश्न राहिलेला नाही.

नवशिक्यांसाठीचे रूढ प्रशिक्षण-कार्यक्रम साधारणतः १६ ते २० आठवड्यांचे असतात. तेही बहुधा असे गृहीत धरतात की, धावणाऱ्यास आठवड्यातून तीन-चार दिवस धावण्याची सवय आहे. शर्यतीपूर्वीचे अखेरचे दोन-तीन आठवडे धाव कमी करून शरीराला विसावा देण्याचे असतात. दहांतून तीन वजा केले की खऱ्या तयारीला सात आठवडे उरतात. आठवड्याचे एकूण अंतर एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा एक ढोबळ संकेत धावपटूंत प्रचलित आहे. त्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे असे नव्हे, परंतु हिशेबापुरता तो घेऊ. आठवड्याला २० किलोमीटर धावणाऱ्याने हा संकेत पाळून सात वेळा वाढ केली, तर तो सुमारे ३९ किलोमीटरपर्यंत पोहोचतो. सबंध आठवड्यात मिळून त्याने जे अंतर कापले, त्याहून अधिक अंतर त्याला जानेवारीतील एका सकाळी कापावयाचे असते. ज्याची सुरुवातच शून्यापासून आहे, त्याचा हिशेब मांडण्याचीही गरज नाही.

तरीही पाचव्या-सहाव्या आठवड्यात बहुतेकांना आपण तयार झालो आहोत असे वाटू लागते. ही भावना खोटी नसते, आणि धोका नेमका तिथेच आहे. नियमित धावू लागल्यानंतर रक्तातील द्रवाचे प्रमाण एक-दोन आठवड्यांतच वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि महिन्या-दीड महिन्यात दम लागणे लक्षणीय कमी होते. हाडे आणि स्नायूबंध यांचे वेळापत्रक मात्र निराळे आहे. ताण पडलेल्या हाडात आधी जुना भाग झिजवून काढला जातो आणि नंतर नवा भरला जातो. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात आणि मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा काहीसे कमकुवतच असते. फुप्फुसे 'चला' म्हणतात त्या सुमारास नडगीचे हाड 'थांबा' म्हणत असते, पण त्याचा आवाज उशिरा ऐकू येतो. घाईने तयारी करणाऱ्यांत नडगीचे दुखणे, टाचेचे दुखणे आणि हाडाला पडणारी बारीक भेग हे विकार डिसेंबरात डोके वर काढतात, त्याचे कारण हे होय.

दुसरी मर्यादा इंधनाची. मनुष्य एक किलोमीटर धावला की शरीराच्या दर किलो वजनामागे ढोबळमानाने एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे अडीच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू व यकृत यांत साठवलेली शर्करा साधारण दोन हजारांच्या आसपास पुरते. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय एकाएकी जड होण्याचा जो अनुभव सांगितला जातो, तो मनाच्या दुर्बलतेचा नसून या तुटीचा असतो. चरबी वापरण्याची शरीराची क्षमता लांब धावांनी हळूहळू वाढते; ती दहा आठवड्यांत घाईने आणता येत नाही.

त्यात मुंबईची हवा. २०१६ च्या बोस्टन मॅरेथॉनचे विजेते, इथिओपियाचे हायले लेमी यांनी २०२३ मध्ये मुंबईत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंद असा स्पर्धाविक्रम नोंदवला. याच धावपटूने २०१६ मध्ये दुबईला २ तास ४ मिनिटे ३३ सेकंदांत अंतर पूर्ण केले होते. मुंबईची दमट हवा आणि परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना समोर येणारा पेडर रोडचा चढ यांची किंमत जागतिक दर्जाच्या धावपटूलाही चुकवावी लागते. दिल्लीकर वाचकांपुढे वेगळीच अडचण असते. त्यांचे तयारीचे आठवडे नेमके नोव्हेंबरच्या धुरात येतात.

अल्प तयारीच्या समर्थनार्थ इतिहासातील दाखले दिले जातात. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पहिली मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुईस निवडचाचणीत पाचवा आला होता. १९२० मध्ये अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले १९ वे आले. भारतातून संघ पाठविण्याची ही पहिलीच वेळ होती आणि सारी जुळवाजुळव काही महिन्यांतच झाली होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेड्यांतील तरुण पाहून दोराबजी टाटा यांनी हा उपक्रम हाती घेतला होता. परंतु लुईस हा मारुसी गावाहून अथेन्सला पाणी वाहून नेणारा होता आणि जिमखान्यावर धावणारे ते तरुण लहानपणापासून मैलोन् मैल पायी चालत आले होते. त्यांची तयारी अल्प नव्हती. तिची नोंद कोणी ठेवली नव्हती, इतकेच.

बारामतीच्या लता करे यांचे उदाहरण तर सर्वाधिक सांगितले जाते आणि सर्वाधिक चुकीच्या अर्थाने. पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या या महिलेने नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये भाग घेतला आणि ज्येष्ठांच्या गटात त्या पहिल्या आल्या. त्यांच्या जीवनावरील चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या जिद्दीपुढे कोणाचीही मान लवेल. मात्र ती शर्यत तीन किलोमीटरची होती आणि धावणारी व्यक्ती आयुष्यभर मजुरी केलेली होती, हे दोन तपशील प्रेरक भाषणांतून गळून पडतात. आपल्याकडे गल्लीतल्या कोणत्याही शर्यतीला मॅरेथॉन म्हणण्याची पद्धत पडली आहे. शब्दाच्या या सैल वापरामुळे तीन किलोमीटरचे धैर्य बेचाळीस किलोमीटरला लागू पडेल असा समज रुजतो, आणि तो निरुपद्रवी नाही.

धोक्याचे प्रमाण नेमके किती, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख व्यक्तींचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीदरम्यान किंवा लगेच नंतर बंद पडले. त्यांतील ४२ दगावले. हे प्रमाण अत्यल्प आहे आणि त्यावरून धावणे घातक ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु अर्ध मॅरेथॉनच्या तुलनेत पूर्ण मॅरेथॉनमध्ये ते जवळजवळ चौपट आढळले. मुंबईतही २०२० आणि २०२४ च्या स्पर्धांत धावपटूंच्या मृत्यूच्या दुःखद घटना घडल्या. चाळिशी उलटलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या, किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तीने तयारीच्या पहिल्या आठवड्यातच तपासणी करून घ्यावी. शर्यतीच्या आदल्या दिवशी मिळवलेल्या प्रमाणपत्राला फारसा अर्थ नसतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकते. पाण्याचा अतिरेकही तितकाच वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीच्या खाली घटल्याचे दिसले होते, आणि तेथे हळू धावणाऱ्या, वाटेत वारंवार पाणी पिणाऱ्या मंडळींना हा त्रास अधिक झाला होता.

मग नोव्हेंबरात उठलेल्या उत्साहाचे काय करावे? तारीख बदलता येत नसेल तर अंतर बदलावे. रोज सहज अर्धा तास चालू शकणाऱ्या निरोगी व्यक्तीला दहा आठवडे दहा किलोमीटरसाठी पुरेसे आहेत. आधीपासून आठ-दहा किलोमीटर धावत असलेल्यास ते अर्ध मॅरेथॉनसाठी पुरू शकतात. ज्यांना पूर्ण अंतराचाच ध्यास आहे आणि काही वर्षांची पूर्वपुण्याई गाठीशी आहे, त्यांच्यासाठी आरंभापासून ठरावीक अंतराने चालत जाण्याची पद्धत आहे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ती लोकप्रिय केली. आपल्याकडे मात्र शर्यतीत चालणे हा पराभव मानला जातो, विशेषतः छातीवरील क्रमांकाशेजारी कंपनीचे बोधचिन्ह असले की.

एक अडचण आयोजकांनीच दूर करावी अशी आहे. अनेक स्पर्धांत एकदा भरलेले शुल्क परत मिळत नाही, आणि डिसेंबरात पाय दुखू लागलेला माणूस हजारो रुपये व सहकाऱ्यांना दिलेला शब्द यांच्या ओझ्याने जानेवारीत प्रारंभरेषेवर उभा राहतो. निधीसंकलनासाठी धावणाऱ्याला तर देणगीदारांची नावेही आठवत असतात. कमी अंतराच्या गटातील जागा आधीच भरलेल्या असतात, ही आयोजकांची अडचण खरी आहे. तथापि, त्यातील काही जागा डिसेंबरच्या मध्यापर्यंत राखून ठेवून पूर्ण मॅरेथॉनमधून खालच्या गटात येण्याची मुभा विनाशुल्क देणे, किंवा नोंदणी पुढील वर्षाकडे वळती करणे, हे वैद्यकीय पथके वाढवण्यापेक्षा स्वस्त पडेल.