पवनीत पाहण्यासारखं काय आहे?

परवा रविवारी भाच्याचा फोन आला. तो इंग्लंडात असतो. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन स्ट्रॅटफर्डला जाऊन आला होता. एव्हन नदीच्या काठचं शेक्सपिअरचं गाव! फोटोही बरेच पाठवले होते. जन्मघर, नदीतले हंस, काठावरच्या चर्चमधली कबर... छान वाटलं बघून. मग म्हणाला, "मामाजी, डिसेंबरात येतोय आम्ही. नवेगाव-नागझिरा झालंय पाहून. तुमच्याकडं आणखी काही आहे का?"

मी म्हटलं, पवनीला जाऊ. पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच प्रश्न आला, "पवनीत काय आहे पाहण्यासारखं?"

मंडळी, तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. म्हणून आज लिहायला बसलो.

पवनी वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात. आमच्या कोहमाऱ्याहून साकोली, लाखांदूर करत जाता येतं. गावाच्या तीन बाजूंना जुना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. घाट आहेत, देवळं आहेत. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी सर्वतोभद्र गणेश इथलाच. पण खरी गोष्ट जगन्नाथ टेकडीची आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्यातले प्रमुख. देवळाखालच्या त्या टेकडीत निघाला मौर्य-सातवाहन काळातला बौद्ध स्तूप. व्यास सुमारे ३८ मीटर. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास साधारण ३६ मीटर आहे, एवढं सांगितलं की पुरे! दगडी कठड्याचे कोरीव तुकडे निघाले आणि त्यांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी साध्यासुध्या माणसांनी आपापल्या ऐपतीनं एकेक दगड देऊन हे उभं केलं.

आता लोक म्हणतात, पर्यटनाचा विकास झाला पाहिजे. विकास म्हणजे काय, तर गोसेखुर्दच्या जलाशयात बोटी, कारंजी, रंगीत दिवे, फोटो काढायला एक चौकट. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सीतून माणसं येतात, वाघ दिसला तर टाळ्या, नाही दिसला तर शिव्या, आणि गाडी परत नागपूरकडे. बोटींना माझा विरोध नाही. पोट्ट्यांना रोजगार मिळत असेल तर आनंदच आहे. पण बोट कुठल्याही धरणात चालते हो! ब्राह्मीतल्या नावांचा तो कठडा कुठल्याही धरणावर सापडत नाही. जे फक्त आपल्याकडे आहे ते झाकून ठेवायचं आणि जे सगळीकडे आहे ते कोटी कोटी खर्चून आणायचं, याला मी विकास म्हणणार नाही. "विदर्भाची काशी" म्हणतात पवनीला. मला तेही खटकतं. पवनीला पवनी म्हणायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, गुरुजींना साहेबाचं कौतुक. तसं नाही. पण स्ट्रॅटफर्डची एक गोष्ट ऐका. १८४७ मध्ये शेक्सपिअरचं ते घर लिलावात निघालं होतं. तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं. आज जगभरची माणसं तिथं जातात ती त्या वर्गणीमुळे. आणि वर्गणीचा धडा आपल्याला साहेबानं शिकवायची गरजच नाही. तो पवनीच्या कठड्यावर आधीच कोरलेला आहे! गणपतीला, देवीला आपण घरोघर फिरून वर्गणी काढतोच की.

इथवर दुसऱ्यांना बोललो. आता स्वतःचं सांगतो. मी तीसेक वर्षं इतिहास शिकवला. सांची फळ्यावर काढून दाखवली, तोरणं मोजून दाखवली. सहली नेल्या रामटेकला, नागपूरच्या महाराजबागेत, एकदा अजिंठा-वेरूळला. पवनीला एकदाही नाही. एकदा सांचीचा धडा चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, माह्या मामाच्या गावाले पवनीलेबी असीच टेकडी हाये." मी म्हटलं, "बस खाली, पोर्शन पुरा करायचा आहे." तो बसला. पुन्हा कधी बोलला नाही.

तेव्हा पवनीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, हे कबूल करण्यापेक्षा त्याला खाली बसवणं सोपं होतं. निवृत्तीनंतर वाचलं तेव्हा त्या मुलाचा चेहरा समोर आला. पवनीत काय आहे, हे विचारणाऱ्या भाच्याला मी कोणत्या तोंडानं रागवू? "आपल्याकडे काही नाही" हे आम्हीच शिकवलं, आणि पोरांनी ते चांगलं पाठ केलं.

माझं मागणं मोठं नाही. टेकडीपाशी शाळकरी पोराला कळेल अशा मराठीत एक सविस्तर फलक. उत्खननातल्या वस्तूंचे मोठे फोटो गावातच कुठंतरी मांडलेले. गावातली चार मुलं शिकवून तयार केलेली, जी पाहुण्याला तास-दोन तास फिरवतील आणि त्याचे पैसे घेतील. आणि भंडारा-गोंदियाच्या प्रत्येक शाळेची एक सहल पवनीला. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर एका मुख्याध्यापकाची सहीच पुरते.

असो. डिसेंबरात भाचा येतोय. गुडघे कुरकुरतात, तरी टेकडीवर चढणार आहे. तुमच्यापैकी कोणी शिक्षक असेल, तर येत्या सहलीचं ठिकाण ठरवण्याआधी एवढं लक्षात घ्या. आणि मागच्या बाकावरून कोणी उठला, तर त्याला बोलू द्या.