आरोग्याचा ताळेबंद : खांद्याचा पाया



गेल्या दिवाळीत थोरल्या बंधूंच्या कापड दुकानात माणसे कमी होती, म्हणून मी मदतीस गेलो. एका गिऱ्हाइकाने वरच्या कप्प्यातील ताका मागितला. मी उजवा हात वर केला. कानाच्या उंचीपर्यंत तो गेला आणि तेथेच कळ येऊन अडला. ताका हातातून निसटला. बंधू काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला गल्ल्यावर बसविले. ते मला कळेपेक्षा अधिक बोचले.

खांद्यातील शक्ती गेली असे समजून मी घरी डंबेल्स उचलू लागलो. पंधरा दिवसांत दुखणे वाढले, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या ताईंनी माझ्या पाठीमागे उभे राहून खांद्यामागील त्रिकोणी चपट्या हाडाला, म्हणजे फऱ्याला, तळव्याने आधार दिला आणि हात वर करण्यास सांगितले. हात पूर्वीपेक्षा बराच वर गेला. त्या म्हणाल्या, "काका, स्नायूंना काम सांगण्याआधी त्यांचा पाया स्थिर करू."

हा पाया समजून घेण्याजोगा आहे. खांद्याची खोबण उथळ असते आणि ती फऱ्याचाच भाग असते. दंडाचा गोल माथा त्या खोबणीत धरून ठेवणारे चार लहान स्नायू फऱ्यावरूनच निघतात. फरा मात्र धडाशी हाडाने जोडलेला असतो तो केवळ गळपट्टीच्या हाडामार्फत. एरवी त्याला बरगड्यांवर स्नायूंनीच तोलून धरलेले असते. हात पूर्ण वर नेताना सुमारे 180 अंशांपैकी 120 अंश खांद्याच्या सांध्यातून, तर 60 अंश फऱ्याच्या फिरण्यातून मिळतात. स्थिर फरा म्हणजे जखडलेला फरा नव्हे. योग्य वेळी, योग्य दिशेने, ताब्यात राहून फिरणारा फरा. तो डळमळला की स्नायूंचा जोर वाया जातो आणि हात वर नेताना खांद्यातील स्नायुबंधांवर ताण येऊ शकतो.

बँकेत कर्जप्रकरण तपासताना आम्ही केवळ उलाढाल पाहत नसू. व्यापाऱ्याचे स्वतःचे भांडवल किती, हेही पाहत असू. मी भांडवलाविना उलाढाल वाढवू पाहत होतो. वर्षानुवर्षे खातेवहीवर आणि नंतर संगणकापुढे पोक काढून बसल्याने फरे पुढे झुकले होते. गादीवर वा काउंटरवर दिवस काढणाऱ्यांनी आपली बसण्याची ढब एकदा पाहावी.

मला दोन साधे व्यायाम दिले गेले. पहिला, भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवावेत. कोपर न वाकविता छाती किंचित भिंतीकडे सोडावी, म्हणजे फरे जवळ येतात. मग भिंत ढकलून ते दूर न्यावेत. दुसरा, ताठ बसून दोन्ही फरे मागे व किंचित खाली ओढून पाच सेकंद धरावेत. खांदे कानांकडे उचलू नयेत. दोन्ही दहा-दहा वेळा, कळ न येईल इतपतच. वजन उचलणे त्यानंतर, हळूहळू.

प्रत्येक खांदेदुखीचे कारण हेच नसते. पडल्यानंतर हात उचलत नसेल, हाताला बधिरपणा असेल किंवा दुखण्याने झोप मोडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते, हेही ध्यानी ठेवावे. खांदेदुखीसोबत छातीत जडपणा, घाम वा धाप असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

तीन महिने मी नियम मोडला नाही. खांदा तरुणपणीचा झाला नाही, पण परवा दुकानात गेलो असता बंधू सहज म्हणाले, "अरे, वरचा तो निळा ताका काढ बघू."

मी काढून दिला.