हौसेचे मोल

हौसेला मोल नाही, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. वस्तुतः प्रत्येक हौसेला मोल पडतेच. ते कोणत्या नाण्यात द्यावयाचे, एवढाच प्रश्न असतो. घरी काचेच्या टाकीत खारे पाणी भरून जिवंत प्रवाळ व समुद्रातील मासे पाळावयाचे आणि त्यांची छायाचित्रे काढून चारचौघांस दाखवावयाची, ही हौस अलीकडे मोठ्या शहरांत वाढली आहे. ती चित्रे मोबाइलवरून आपल्या जवळा बाजारापर्यंत येऊन पोचतात. समुद्र येथून शंभर कोसांहून अधिक दूर आहे. आपल्यापैकी पुष्कळांना प्रवाळाचे दर्शन घडते ते अशा चित्रांतूनच. म्हणून ह्या हौसेचे मोल काय, ह्याचा विद्यार्थ्यांनी व पालकांनी थोडा विचार करावा.

पहिले मोल पैशाचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दोनशे लिटरची टाकी भरावयाची तर सात किलो क्षार विकत घ्यावे लागतात, आणि पाणी बदलताना तो खर्च पुन्हा पुन्हा करावा लागतो. प्रवाळाला साधारणतः २५ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाणी थंड ठेवणारे यंत्र अहोरात्र चालले पाहिजे. आणि वीज गेली तर काही तासांत सगळी टाकी धोक्यात येते. त्यावर पुन्हा बारीक वस्तू मोठी दाखविणारे कॅमेऱ्याचे भिंग घेऊ म्हटले, तर त्या एका भिंगालाच कित्येक हजार रुपये मोजावे लागतात.

ह्याखेरीज कायद्याचीही एक गोष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखा इत्यादींचा समावेश झाला. मालवणचा समुद्र तर १९८७ सालीच अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ तोडून कोणी टाकीत ठेवील, तर तो दंडनीय अपराध होय. ज्या हौसेसाठी चोरीचा माल घरात आणावा लागतो, तिला हौस म्हणता येणार नाही.

दुसरे मोल धीराचे. काचेपलीकडील वस्तूचे छायाचित्र घेणे दिसते तितके सोपे नाही. काचेकडे तिरपे पाहिले की काच व पाणी ह्यांतून येणारे किरण वाकतात, रंग फाकतात आणि चित्र अस्पष्ट होते. म्हणून भिंग काचेशी अगदी काटकोनात धरावे लागते. काचेवर शेवाळाचा पुसटसा थर असला तरी तो चित्रात उतरतो. खोलीतील दिवे मालवून भिंगाभोवती काळे कापड धरले नाही, तर प्रवाळाऐवजी छायाचित्रकाराचेच मुख चित्रात दिसते! पाणी खेळविणारा पंप चालू असता प्रवाळाचे तंतू हलत राहतात. तो काही मिनिटेच बंद करता येतो, कारण वाहत्या पाण्यावाचून ते जीव गुदमरतात. मासा तर क्षणभरही स्थिर राहत नाही. त्याला पकडण्यास कॅमेऱ्याचे झाकण झटकन मिटावे लागते. झटकन मिटले की प्रकाश अपुरा पडतो. प्रकाशाची उणीव यंत्राने भरून काढली की चित्र रवाळ होते. शंभर चित्रे घ्यावीत तेव्हा एखादे मनाजोगे उतरते.

पूर्वीच्या लोकांनी हे मोल ह्याहून जबर दिले आहे. फ्रान्समधील लुई बूताँ ह्याने १८९३ साली पाण्याखाली कॅमेरा नेला. १९२६ साली फ्लोरिडाच्या समुद्रात लाँगली व मार्टिन ह्या दोघांनी पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा पुरेसा उजेड मिळावा म्हणून तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा स्फोट घडवावा लागला.

परंतु तिसरे मोल सर्वांत भारी, आणि तेच द्यावयास माणूस कां कू करतो. ते मोल सत्याचे. घरच्या टाकीवर बहुधा निळे दिवे असतात. त्या प्रकाशात प्रवाळातील काही द्रव्ये हिरवी, नारिंगी, तांबडी चमकतात. हा सृष्टीचा खराखुरा चमत्कार आहे. कॅमेरा मात्र त्या निळाईने गोंधळतो आणि सारे चित्र निळेभोर करून टाकतो. ती निळाई भिंगापुढे नारिंगी काच धरून कमी करणे योग्यच, कारण त्यायोगे चित्र डोळ्यांना दिसते त्याच्या जवळ येते. पण तेवढ्यावर न थांबता पुष्कळजण रंग इतके चढवितात की जिवंत प्राणी दुकानावरील विजेच्या पाटीसारखा दिसू लागतो. निसर्गात बहुतेक प्रवाळ तपकिरी वा हिरवट असतात, कारण त्यांच्या अंगात राहणारे व त्यांना अन्न पुरविणारे सूक्ष्म शैवाल त्या रंगाचे असते. पाणी फार तापले की ते शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. काही तर त्या आजारातच झगझगीत रंग धारण करतात. ज्याची दृष्टी भडक चित्रांवर पोसली गेली, तो ह्या आजारालाच सौंदर्य समजेल.

कोणी म्हणेल, छायाचित्र ही कला आहे. कलावंताला रंगाचे स्वातंत्र्य नको काय? अवश्य असावे, पण मग चित्राखाली तसे लिहावे. जो पाहणारा समुद्रापासून दूर आहे, ज्याला चित्र पडताळून पाहण्याचे दुसरे साधन नाही, त्याच्यापाशी चित्र साक्षीदार म्हणून उभे असते. साक्षीदाराने साक्षच द्यावी. मुंबईत २०१७ पासून काही नागरिक ओहोटीच्या वेळी खडकांवर फिरून तेथील जीवांची साधी छायाचित्रे व नोंदी ठेवू लागले. ह्या महानगराच्या किनाऱ्यावरही प्रवाळ जगतात, हे अशा साध्या चित्रांमुळे अनेकांना प्रथमच कळले. पुढे २०२० साली सागरी मार्गाच्या कामात येणारे वरळी व हाजीअली येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे लावण्यात आले. रंग चढविलेल्या चित्रांवर अशा कामी कोणी विश्वास ठेवला असता काय?

म्हणून पालकांस विनंती की, मुलाने अशी टाकी किंवा महागडा कॅमेरा मागितल्यास रागावू नये व कर्जही काढू नये. विद्यार्थिमित्रहो, काचेची एक स्वच्छ बरणी घ्या. तीत विहिरीचे पाणी, थोडी पाणवनस्पती व एखादी गोगलगाय ठेवा. घरातील मोबाइल काचेशी काटकोनात धरा, मागे काळे कापड लावा, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या आणि वाट पाहा. चित्र निघाल्यावर त्याखाली दिनांक, वेळ, प्रकाश आणि केलेला प्रत्येक फेरफार लिहा. काम झाले की गोगलगाय जेथून आणली तेथे नेऊन सोडा. आपल्या वार्षिकातही चित्र छापताना अशी टीप देण्याचा नियम व्हावा, असे मला वाटते. पैसा ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. धीर व सत्य ही नाणी मात्र श्रीमंत-गरीब सर्वांच्या पदरी सारखीच आहेत.