हरवलेल्या फाइली आणि अभिलेख अधिकारी

संगणकात विषाणू शिरून फाइली नाहीशा झाल्या की कार्यालयात पहिली हाक संगणक अभियंत्याला जाते. माझ्या मते ती अभिलेख अधिकाऱ्यालाही जायला हवी.

केंद्र सरकारला लागू असलेल्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ ने संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही अभिलेख मानली आहे. अभिलेख अनधिकृतपणे नष्ट झाला किंवा त्यात फेरफार झाला, तर तो परत मिळवण्याची कारवाई अभिलेख अधिकाऱ्याने तत्काळ करावी, असे कलम ७ सांगते.

अभियंत्याच्या हाती किती असते? विषाणूने फाइली नुसत्या लपवल्या असतील, तर त्या सहज दिसू लागतात. पुसल्या असतील, तर त्या जागी नवे काही लिहिले जाण्यापूर्वी पुष्कळदा मिळतात. म्हणून तो संगणक लगेच वापरातून काढावा. परंतु खंडणीखोर विषाणूने त्या कूटबद्ध केल्या असतील, तर बहुधा आधी काढून ठेवलेली प्रतच कामी येते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती अशीच कूटबद्ध झाली. रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली. ई-हॉस्पिटलची माहिती अखेर परत मिळाली, ती बाधा न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

म्हणून प्रत नेटवर्कपासून वेगळी ठेवणे आणि दर तिमाहीस ती उघडून पाहणे, ही कामे अभिलेख अधिकाऱ्याच्या कर्तव्यसूचीत स्पष्ट लिहावीत. निवृत्तिवेतन रखडलेल्या माणसाला आपली फाइल कधी सापडेल, एवढेच कळायला हवे असते.