मत सोडले, माणूस सोडू नये

परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून धम्मात आलेली बहुसंख्य कुटुंबे हिंदू गावगाड्याच्या जाचातून सुटून आली. परंतु एखादे कुटुंब ख्रिस्ती देवळाच्या दारातूनही येते. त्याची अडचण निराळी असते आणि हिंगोलीकडील आमच्या धम्मबांधवांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

ज्यांनी आपणांस पाणवठ्यावरून हाकलले, त्यांचा धर्म सोडताना मन कचरत नाही. पण ज्यांनी अक्षर शिकविले, आजारात औषध दिले, त्यांचे मत सोडताना मन दुभंगते. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यातच जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. निजामाच्या राज्यात माणूस म्हणून कोणी हाक मारीत नव्हते, तेव्हा अस्पृश्यांस तेथे आसरा मिळाला. हे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होय.

मग मागे राहिलेल्या बहिणीकडे, मित्राकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? येथे दोन चुका संभवतात. एक, कालचा सोबती आज अडाणी व आंधळा वाटू लागतो. दुसरी, त्याचे मन दुखू नये म्हणून ‘सारे धर्म एकच’ असे म्हटले जाते आणि घरात ख्रिस्ताच्या जागी बुद्धमूर्ती ठेवून तिच्याकडेच पापक्षमा मागितली जाते. पहिलीत मैत्री नाही, दुसरीत प्रज्ञा नाही. तथागत मार्ग दाखवितात. तारण्याचे वचन देत नाहीत.

बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांच्या सभेत त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन विभूतींनी आपले मन वेधल्याचे सांगितले. त्याच सभेत त्यांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज लढला नाही व दक्षिणेकडील ख्रिस्ती मंदिरांत जातिभेद पाळला जातो, हेही स्पष्टपणे सुनावले. आदर आणि परखडपणा एकाच मुखी नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

त्याहून जुना दाखला उपाली गृहपतीचा. तो निगंठांचा उपासक. वाद घालावयास आला आणि भगवंतांस शरण गेला. भगवंतांनी त्यास आधी बजावले, की नीट विचार करून पाऊल टाक. पुढे सांगितले, की तुझे घर निगंठांस दीर्घकाळ पाणवठ्यासारखे आहे. त्यांची भिक्षा बंद करू नकोस. उपालीने निगंठांचे मत सोडले, त्यांचे अन्न तोडले नाही.

आम्हांस हाच मार्ग योग्य वाटतो. नाताळास मित्राने बोलाविले तर जावे, त्याच्या पंक्तीस बसावे. प्रभुभोजन मात्र घेऊ नये आणि का घेत नाही ते सौम्यपणे सांगावे. त्याच्या घरी मृत्यू झाला तर खांदा द्यावा. तो म्हणेल, ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो.’ त्यातील माया स्वीकारावी, श्रद्धा स्वीकारल्याचे सोंग करू नये. मुलांदेखत त्याच्या देवाची टवाळी तर कदापि करू नये.

मैत्रीची खरी कसोटी हक्कांच्या प्रश्नात लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली तो शिखांस आणि १९९० साली बौद्धांस मिळाला. धर्मांतरानंतर ३४ वर्षे आपण ती वंचना सोसली. ख्रिस्ती झालेल्या दलितांस १९९० च्या दुरुस्तीनेही काही लाभले नाही. त्यांच्यासारख्यांच्या मागणीचा विचार करण्यासाठी २०२२ साली केंद्र सरकारने आयोग नेमला. धर्म बदलला म्हणून गावाने त्यांची जात विसरली काय? मग ‘त्यांचे ते पाहतील’ असे म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. त्यांच्या अर्जावर, त्यांच्या मोर्चात आपला माणूस दिसला पाहिजे.

ज्याने विचारपूर्वक धम्म स्वीकारला, त्याला जुन्या सोबत्याचे भय वाटण्याचे कारण नाही आणि त्याचा द्वेष करण्याचेही नाही. आपल्या वागणुकीतून त्या सोबत्यास धम्माची जी ओळख होईल, ती शंभर व्याख्यानांनी होणार नाही.