बेरीज दुप्पट का आली?

मध्यंतरी आमच्या कचेरीत शिष्यवृत्तीचा तालुकावार अहवाल संगणकावरून काढला. एका तालुक्यात आलेल्या अर्जांपेक्षा विद्यार्थीच जास्त दिसले! साहेब म्हणाले, "रक्कम जादा गेली, पुढचा हप्ता थांबवा." आम्ही म्हणालो, आधी नावे मोजू.

चूक वाटपात नव्हती, जोडणीत होती. विद्यार्थ्यांची यादी एक, हप्त्यांची दुसरी. दोन्ही जोडल्या की दोन हप्ते घेतलेल्या मुलाची ओळ दोनदा येते. मग डोकीही दुप्पट आणि मंजूर रक्कमही दुप्पट. म्हणून आधी विद्यार्थीवार हप्त्यांची बेरीज करावी, मगच यादी जोडावी.

अहवालाला वेळही फार लागत होता. तो सर्व वर्षांच्या नोंदींचे गट पाडून शेवटी 'हॅविंग'ने चालू वर्ष निवडत होता. वर्षाची अट 'व्हेअर'मध्ये, म्हणजे 'ग्रुप बाय'च्या आधी घातली, वर्षाच्या रकान्यावर इंडेक्स केला आणि काम झटपट झाले.

हप्ता थांबला नाही. कचेरीत लागलेल्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगा : संगणक सांगू तेच मोजतो. एका गटातली नावे हाताने मोजल्याशिवाय अहवालावर सही करू नका. त्या आकड्यामागे कुणाची तरी फी असते.