नऊ बाय अकरामध्ये बेट कशाला?

मानवतला माझ्या धाकट्या भावाचं घर बांधून होत आलंय. स्लॅब पडला, प्लास्टर झालं, आणि आता भांडण स्वयंपाकघरावर येऊन थांबलंय. आतलं काम घेतलेल्या मुलाने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराच्या मधोमध ग्रॅनाइटचा ठोकळा, त्यावर लिंबांची टोपली, पलीकडे दोन उंच स्टुलं. याला आयलंड म्हणतात. भावाला ते पाहताक्षणी आवडलं. भावजयीला कुणी विचारलंच नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. या घरात आयलंड नको. मापात ते बसत नाही हे तर आहेच, पण ते बसलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

तरी सुरुवात मापापासून करू, कारण टेप खोटं बोलत नाही. वाटणीत आलेली जागा लांब आणि अरुंद. जुन्या गावठाणात तीन पिढ्यांच्या वाटण्या झाल्या की अशाच पट्ट्या उरतात. पुढे बैठक, मग जिना आणि देवघर, आणि उरलंसुरलं ते स्वयंपाकघर. नऊ फूट रुंद, अकरा फूट लांब. एक दार बैठकीकडून, दुसरं मागच्या अंगणात. एका कोपऱ्यात जिन्याचा उतार डोक्यावर येतो, तिथे ताठ उभं राहता येत नाही. रुंदी १०८ इंच. ओट्याचे २४ गेले. समोरच्या भिंतीला फ्रीज आणि धान्याची कोठी, त्यांचे २७ गेले. उरले ५७. त्यात २४ इंचांचं आयलंड ठेवा, ३३ उरतात, ते दोन बाजूंना वाटा. प्रत्येकी साडेसोळा इंच! एवढ्यातून माणूस आडवा होऊन जातो. हातात कुकर असेल तर तसाही जात नाही, आणि फ्रीजचं दार तर उघडणारच नाही. ज्या अमेरिकेतून हे आयलंड आलं, तिथले स्वयंपाकघर आखणारे लोक एका माणसाला काम करायला ४२ इंचांची वाट सोडा म्हणतात, नुसतं ये-जा करायला ३६. त्या हिशेबाने आपल्याला पावणेतेरा फूट रुंदी लागेल. म्हणजे शेजारच्या चुलतभावाची भिंत पाडायला हवी.

गंमत अशी की सरकारी मापाने हे स्वयंपाकघर ऐसपैस आहे. जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचं हवं, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. हे ९ चौरस मीटरच्या पुढे जातं. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात २०१५ मध्ये दुर्बल घटकांचं अख्खं घर ३० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतचं धरलं होतं. आयलंडचं चित्र मोबाइलवर मात्र सगळ्यांना सारखंच दिसतं.

त्या मुलाची पहिली कल्पना शेगडीच आयलंडवर बसवायची होती. त्याला एवढंच विचारलं, की सिलिंडर कुठे ठेवणार? गॅसची रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि ती भिंतीतून लपवून न्यायची नसते. मग सिलिंडर ठोकळ्याच्या पोटात? गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, आणि बंद कपाटात तर कुणाला कळतही नाही. तांब्याची पाइप टाकून सिलिंडर बाहेर ठेवता येतो, पण तेवढ्यासाठी नवी फरशी फोडायला भाऊही तयार नव्हता. शिवाय खोलीच्या मधोमध पंखा असतो, हे चित्र काढणाऱ्याला माहीत नसावं. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पंखा लावला तर ज्योत विझणार, बंद ठेवला तर बाई शिजणार. शेगडी भिंतीशी, खिडकीखाली असते, त्याला कारण आहे.

मग तो म्हणाला, शेगडी नको, नुसता कापायला-चिरायला ओटा करू. आणि मग खरा मुद्दा आला. ‘मोकळं’ स्वयंपाकघर केलं, मधली भिंत काढली, की घरातली बाई एकटी पडत नाही. सगळे आयलंडभोवती जमतात, नवराही भाजी चिरू लागतो. हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

१९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईने फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, म्हणजे भावाच्या स्वयंपाकघराहून पुष्कळच लहान. अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. आज आपल्याकडे ज्याला मॉड्युलर म्हणतात त्याची ही आजी. बाईची पावलं वाचावीत म्हणून प्रत्येक वस्तूची जागा मोजून ठरवलेली. पुढे त्यावर टीका झाली ती हीच, की या डबीत एकच बाई मावते आणि ती कुटुंबापासून तुटते. मोकळं स्वयंपाकघर आणि आयलंड हे त्या टीकेला मिळालेलं एक उत्तर. प्रश्न खरा होता. फक्त तो ज्या घरात उभा राहिला त्या घराचं उत्तर आपण मानवतला आणून बसवतोय.

आपल्याकडची बाई स्वयंपाकघरात एकटी कधी होती? उन्हाळी कामं आठवा. कुरडयांचा चीक हाटायला दोघी, सोऱ्या दाबायला एक, पापड लाटायला गल्लीतल्या चार. सगळ्या खाली बसलेल्या, मध्ये परात. दिवाळीत करंज्यांना तेच. पाहुणे आले की पंगत तिथेच. नळाला पाणी येईल त्या दिवशी घागरी, बादल्या, पिंप भरून ओळीने तिथेच मांडायचे, कारण मराठवाड्यातल्या कुठल्याच लहान शहरात नळ रोज येईल यावर कुणी विसंबत नाही. भाव वाढायची वाट बघत बैठकीत कापूस रचून ठेवला की मुलांचा अभ्यासही स्वयंपाकघरात येतो. मानवतसारख्या कापसाच्या गावात हे नवं नाही. हे सगळं त्या मधल्या मोकळ्या फरशीवर चालतं. चित्रातल्या माणसाला तिथे ‘वाया गेलेली जागा’ दिसते. सकाळी तिथे विळी असते, दुपारी तिथेच कुणीतरी पाठ टेकतं, रात्री ताटं मांडली जातात. आठ चौरस फूट दगड मिळवण्यासाठी हे सगळं द्यायचं.

आणि भिंत काढायला माझा आणखी एक विरोध आहे. नवऱ्याला भाजी चिरायची असेल तर त्याला दार आहे, त्यातून आत यावं. भिंत होती म्हणून तो इतकी वर्षं आला नाही, हे मला पटत नाही. भिंत गेली तर बैठकीतला पाहुणा थेट ओट्यापर्यंत बघतो. मग खरकटं दिसता कामा नये, पदर सुटता कामा नये, सासूबद्दल बहिणीशी फोनवर बोलता कामा नये. चारचौघांसमोर वागायच्या घरात तेवढी एकच खोली तिची होती. ठेचा कुटायला आणि लसणाची फोडणी द्यायला आडोसा लागतो, तसा रडायलाही लागतो.

आता कुणी म्हणेल, ही बाई आम्हाला परत चुलीपुढे बसवायला निघाली. अजिबात नाही. खाली बसून स्वयंपाक करण्याचं कौतुक बहुतेक त्यांनाच असतं ज्यांना वाढलेलं ताट मिळतं. आमच्या आईचे गुडघे त्या फरशीनेच खाल्ले. उभ्याचा ओटा आला तेव्हा तिला केवढं सुख झालं होतं, ते मी पाहिलंय. पण उभं राहूनही पाय भरून येतात, टाचा दुखतात. फ्रँकफुर्टच्या त्या छोट्याशा खोलीत फिरतं स्टूल होतं, बाईने बसून काम करावं म्हणून. इस्त्रीची फळी भिंतीला लावलेली, हवी तेव्हा खाली पाडायची, झालं की वर. आपण ग्रॅनाइट घेतलं, ट्रॉल्या घेतल्या, चकचकीत दारं घेतली. स्टूल तेवढं राहून गेलं. आयलंडच्या चित्रात स्टुलं आहेत, पण ती पलीकडच्या बाजूला, खाणाऱ्यांसाठी.

म्हणून मी भावजयीला म्हटलं, चित्र राहू दे, आपण करून बघू. टाइल्सचे रिकामे खोके एकावर एक रचून त्या मुलाने सांगितलेल्या जागी चार बाय दोनचा ठोकळा उभा केला. तिला म्हटलं, आता इथे भाकरी करतेयस असं समज. पिठाच्या डब्यापासून ओट्यापर्यंत, तिथून पाण्याकडे, मग शेगडीकडे. दोनदा तिचा कोपर खोक्याला लागला. तिसऱ्यांदा ती थांबली. “ताई, ह्याला वळसा घालत काहून फिरायचं मी जन्मभर?” भाऊ दारात उभा होता. त्याने टेप काढून पुन्हा एकदा मोजलं. टेपने तेच सांगितलं.

तिला काय हवं ते मग तिनेच सांगितलं. खिडकीपाशी ओट्याची चार फूट लांबी मोकळी, तिथे डबे नकोत. ओट्याखाली एका जागी ट्रॉली न बसवता पोकळी, म्हणजे पाय आत घालून स्टुलावर बसून निवडता येईल. जिन्याखालच्या कोपऱ्यात धान्याची कोठी, कारण तिथे उभं राहायची गरजच नाही. आणि भिंतीला बिजागरीची एक फळी. पाहुणे आले की खाली, एरवी वर. मधली फरशी तशीच.

ग्रॅनाइट मात्र आधीच कापून आलं होतं. चार बाय दोनचा तो तुकडा परत घ्यायला दुकानदार तयार नाही. सध्या तो मागच्या अंगणात, नळाजवळ विटांवर टेकवलाय. त्याचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.